खोटी छावणी

८ जून २०२४
अल रय्यान

बाबा,

फोन करणार नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हो बाबा’ म्हणते, हे लहानपणापासून चाललंय. म्हणून टाइप करते आहे. अक्षर मोठं ठेवलंय, मोबाइलवर वाचता येईल. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलंच नाही हे आता मला कळलंय, तरी मोठंच ठेवलं. सवय.

परवा संध्याकाळी समोरच्या देवधरकाकूंचा नाशिकहून मेसेज आला. “अगं नुपूर, बाबांचं मनापासून अभिनंदन! दोघं किती छान दिसतायत. तू पण ना, पत्ता लागू दिला नाहीस.” खाली फोटो. ओहोटीची ओली वाळू, मागे समुद्रात काँक्रीटचे काळे ठोकळे. पुढे निळ्या जर्किनमध्ये तुम्ही, आणि तुमच्या दंडाला धरून उभ्या असलेल्या एक बाई. गळ्यात मंगळसूत्र.

ठोकळे मी लगेच ओळखले. बाईंना ओळखलं नाही.

ते ठोकळे काय आहेत हे मला कोणी सांगायची गरज नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात काँक्रीटच्या पोकळ पेट्या बांधल्या, बोटींनी ओढत इंग्लिश खाडी पार केली, नॉर्मंडीच्या किनाऱ्याशी बुडवल्या, आणि जिथे बंदर नव्हतं तिथे बंदर उभं केलं. मी सातवीत असताना तुम्ही हे डायनिंग टेबलावर मांडून दाखवलं होतं. परात म्हणजे किनारा, काड्यापेट्या म्हणजे बंदर, गहू म्हणजे सैनिक. तुम्ही कारखान्यात प्लॅनिंगला. त्यामुळे त्या लढाईत तुम्हाला शौर्यापेक्षा आखणीचं वेड. भरती कधी, चंद्र किती, वादळामुळे एक दिवस पुढे का ढकललं. “जे शेवटी लागणार ते बोटीत आधी भरायचं, जे उतरल्याबरोबर लागणार ते शेवटी,” तुम्ही म्हणायचात, “युद्ध इथे जिंकलं जातं, नुपूर.” आज मी इथे दोहाजवळच्या हमद पोर्टवर कुठलं जहाज कुठल्या धक्क्याला लावायचं ते ठरवते. ते त्या टेबलामुळेच. हे तुम्ही नातेवाइकांत छाती फुगवून सांगता.

त्या लढाईच्या ऐंशीव्या वर्षाला आपण दोघं तिथे जाणार होतो. आई असतानाच ठरलं होतं. या जानेवारीत मी आठवण काढली, तेव्हा तुम्ही म्हणालात, “ती गेली, तिच्याबरोबर हौसही गेली. जाऊ दे ते.” मी विषय काढणं बंद केलं. वाटलं, तुमच्या दुःखावर बोट ठेवलं आपण.

आता क्रमाने लिहिते. तुम्हाला क्रम आवडतो.

दिवाळीनंतर तुम्ही म्हणालात, एकट्याला घर खायला उठतं, मी तुझ्याकडेच येतो, कायमचा. मी ऑफिसातून उठून जिन्यात जाऊन रडले. आनंदाने. आम्ही मोठं घर घेतलं. अवधूतने, तुमच्या जावयाने, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. तो पहाटे कामासाठी मेसईदच्या बसला निघतो, संध्याकाळी दमून येतो, तरी सुट्टीच्या दिवशी स्वतः उभा राहिला त्या माणसाजवळ. “बाबांचा हात जिथे पोचेल तिथे लाव,” म्हणून त्याला खुणेने दाखवत होता.

फेब्रुवारीत मला कंपनीने रॉटरडॅम देऊ केलं. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या बंदरात हेच काम, वरची जागा. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, “माझ्यासाठी करिअर अडवू नकोस.” मग थोडं थांबून, “पण म्हातारपणी ऊन बरं वाटतं बघ.” मी दुसऱ्या दिवशी नकार कळवला.

मार्चमध्ये तुम्ही इगतपुरीला विपश्यनेला गेलात. दहा दिवस मौन, फोन बंद. त्या दहा दिवसांत तुम्ही लग्न केलंत ना? देवधरकाकू म्हणतात, मार्चमध्येच झालं, साधंच, इंदूरला.

एप्रिलमध्ये मी तुमच्या व्हिसासाठी पासपोर्टची कॉपी मागत होते. तुम्ही म्हणत होतात, रिन्यूअलला दिलाय. तो फ्रान्सच्या व्हिसाला गेला होता.

आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन. स्क्रीनकडे बघायचं नाही, म्हणून व्हिडिओ कॉल नाही. पाच तारखेला मी साधा फोन लावला तर रिंग वेगळीच वाजली, परदेशातली वाजते तशी. तुम्ही म्हणालात, “नेटवर्कचा काहीतरी घोळ आहे.” मी म्हणाले, “डोळ्यात ड्रॉप्स घालायला विसरू नका.” तुम्ही म्हणालात, “नाही विसरत गं.”

हा ‘गं’ मला सगळ्यात जास्त लागला, बाबा.

लेखी उत्तर द्या.

नुपूर


१२ जून २०२४
अल रय्यान

बाबा,

तुमचं उत्तर आलं. एवढंसं. “शैलजा चांगली बाई आहे. पोस्टात होती, वॉकिंग ट्रॅकवर ओळख झाली. दोघंही एकटे. तुला दुखवायचा हेतू नव्हता. सांगितलं असतं तर तू आणि शौनक दोघांनी मोडता घातला असता. परिस्थितीच तशी होती. भेटीत बोलू.”

मी मोडता घातला असता हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

घातला असता, कदाचित. पहिल्या दिवशी नक्कीच. आईचं कपाट अजून तसंच आहे असं काहीतरी ओरडले असते. फोन आपटला असता. मग अवधूतने समजावलं असतं, मी दोन दिवस कोणाशी धड बोलले नसते, आणि आठवड्याने तुम्हाला फोन करून विचारलं असतं, कुठल्या त्या, स्वयंपाकात तिखट किती घालतात, तुमच्या बीपीच्या गोळ्या त्यांना माहीत आहेत का. तेवढा एक आठवडा तुम्ही मला द्यायला हवा होतात. मी तुमची मुलगी आहे.

काल अवधूतच्या फोनवरून शौनकला फोन लावला. माझा नंबर त्याने एप्रिलपासून ब्लॉक केलाय, तेव्हाच्या त्या भांडणानंतर. ते भांडण तुम्हाला पूर्ण ठाऊक आहे. पुण्याहून तो म्हणत होता, बाबांना इथे आणतो, आणि मी त्याला म्हणाले, “तुला बाबा नकोत, त्यांचं घर हवंय.” सख्ख्या भावाला म्हणाले मी हे.

त्याने उचलला. मी म्हणाले, “मी आहे. ठेवू नकोस.”

त्याने ठेवला नाही.

“बाबांनी लग्न केलंय. मार्चमध्ये.”

“तायडे, काय बोलतेयस तू? बाबा तुझ्याकडे येतायत ना? पंधरा तारखेचं विमान आहे म्हणाले.”

म्हणजे त्याला विमानाची तारीखसुद्धा दिली होतीत!

मग आम्ही एकेक वाक्य जुळवून पाहिलं. तुम्ही त्याला सांगितलं होतंत, नुपूर रडून रडून बोलावते आहे, नाही कसं म्हणू. मला सांगितलं होतंत, शौनक सारखा घर विकायचं काढतो, त्याच्याकडे जायची भीती वाटते. शौनकने घराचा विषय कधी काढलेलाच नाही, बाबा. आईची शपथ घेऊन सांगत होता. मग तुमच्या सूनबाईने फोन घेतला आणि म्हणाली, “ताई, आम्ही इथे खालचा फ्लॅट बघून ठेवला होता बाबांसाठी. त्यांना लिफ्ट आवडत नाही म्हणून.”

दोन्ही घरी बाबांची खोली तयार होती. तुम्ही आम्हा दोघांचे कान भरलेत, आम्ही एकमेकांवर तुटून पडलो, आणि नाशिककडे बघायला कोणाला वेळच उरला नाही.

मला ते टेबल आठवलं. इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला, केंटमध्ये, खोटी छावणी उभी केली होती. हवा भरलेले रबरी रणगाडे, लाकडी सांगाड्यांच्या बोटी, दिवसभर वायरलेसवर खोट्या पलटणींच्या गप्पा. जर्मनांना वाटावं की हल्ला कॅलेला होणार. आणि खरी फौज नॉर्मंडीत उतरल्यावरसुद्धा कित्येक आठवडे ते कॅलेला वाट बघत बसून राहिले. हे सांगताना तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचात. मी पण हसायचे.

सात तारखेला सकाळी, तो फोटो पाहून झाल्यावरसुद्धा, मी तुमच्या व्हिसाचं पोर्टल उघडून बघितलं. काही अपडेट आहे का म्हणून. आता हसा.

बाबा, खोटी छावणी शत्रूसाठी उभारतात. तुमचा शत्रू कोण होता? मी की शौनक?

त्या फसवणुकीला अर्थ होता. वाळूवर उतरणाऱ्या पोरांपैकी काही हजार तरी त्यामुळे घरी परत गेली. पलीकडे खरोखरचा राक्षस बसला होता. तुमच्या फसवणुकीने काय वाचलं? तुमचा एक अवघड फोन वाचला. बस्स.

आणखी एक. सरसेनापतीने आदल्या दिवशीच एक चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती, हल्ला फसला तर दोष फक्त माझा. ही तुमची सगळ्यात आवडती गोष्ट. पोर्टवर माझा प्लॅन चुकला की मी आधी मेल टाकते, “चूक माझी आहे.” इथले लोक असं लिहीत नाहीत, घाबरतात. मला भीती वाटत नाही, कारण ते मी तुमच्याकडून शिकले. आणि तुम्ही मला लिहिता, “परिस्थितीच तशी होती.”

आईसुद्धा आठवली. तुम्ही परातीत गहू पसरत होतात आणि ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “अहो, पण त्या गावांतली माणसं कुठे गेली?” तुम्ही म्हणालात, “ती या प्लॅनमध्ये येत नाहीत.” हे दोन-तीन दिवस मी त्यावर वाचत होते. ज्यांना सोडवायला निघाले त्यांच्याच घरांवर आधी बॉम्ब टाकावे लागले, बाबा. हजारो माणसं गेली. आईला एवढं कुठे माहीत होतं, पण तिने नेमकं तेवढंच विचारलं होतं.

नुपूर


१६ जून २०२४
हमद पोर्ट

बाबा,

आज ईद. बंदर बंद नसतं, पण ऑफिसात आम्ही दोघं-तिघंच आहोत. फुजैल आत्ताच घरून डबा घेऊन आला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, रत्नागिरीचा. त्याच्या बायकोने, मुनीराने, माझ्यासाठी सांदणं वेगळी काढून पाठवली होती. डबा उघडताना त्याने विचारलं, “मॅडम, बाबा पोचले?”

“पोचले. फ्रान्सला.”

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मग सगळं सांगितलं. रॉटरडॅमची जागा त्याला मिळालीय, मीच त्याचं नाव दिलं होतं, ऑगस्टमध्ये निघतो आहे. तो खाली मान घालून म्हणाला, “मी एचआरशी बोलू का? अजून कागद फायनल नाहीत.”

“खलास, फुजैल,” मी म्हणाले. “ती जागा तुझी आहे. जाडं स्वेटर घे.”

तो बाहेर गेल्यावर मी तुमचा मेल पुन्हा वाचला. हा मात्र सविस्तर लिहिलात. अठरा तारखेला पॅरिसहून परतताना दोहाला आठ तास थांबणार, बाहेर येऊन भेटणार. आणि मग: “एक विनंती आहे. शैलजाला वाटतं की तुला जानेवारीपासून सगळं माहीत आहे आणि तुझी संमती आहे. तिने त्यावरच होकार दिला. तसंच राहू दे. हसून भेट, बाकी मी बघतो. तू काही बोललीस तर तिचा संसार मोडेल.”

तिचा संसार. किती सफाईने लिहिलंत.

आजवर मी तुमचं खोटं बोलत होते ते खरं समजून. शौनकशी, अवधूतशी, कंपनीशी, व्हिसा ऑफिसातल्या माणसाशी. म्हणून तर ते इतकं खरं वाटलं सगळ्यांना. आता तुम्ही सांगताय, जाणूनबुजून बोल. आणि एका परक्या बाईशी बोल, जिने माझं काही वाईट केलेलं नाही.

त्या लढाईचा तुम्ही कधी न सांगितलेला एक भागही आता मी वाचलाय. हल्ल्याआधी इंग्लंडच्याच किनाऱ्यावर सराव चालला होता, तेव्हा शत्रूच्या बोटींनी गाठून शेकडो पोरं बुडवली. वाचलेल्यांना सांगितलं, तोंड उघडायचं नाही. डॉक्टरांना सांगितलं, जखमा कशाच्या विचारायचं नाही. का, तर मोठा प्लॅन फुटेल. कदाचित बरोबरच होतं ते, त्या वेळी. पण तुमच्या लग्नाला कुठली फौज अडवायला बसली होती म्हणून मी तोंड मिटून घ्यायचं?

मी एअरपोर्टवर येईन. तुमच्या दोघांच्या व्हिसासाठी हॉटेलची खोली बुक केली आहे, बाहेर पडायला अडचण येणार नाही. पण काय बोलेन याचा शब्द देत नाही. तुमच्याकडे आजचा आणि उद्याचा दिवस आहे. शैलजाबाईंना तुम्ही स्वतः सांगा. सांगितलंत तर मी खरंच हसून भेटेन. त्यांच्यासाठी साडी घेऊन ठेवली आहे. कालच सूकमधून, इथल्या बाजारातून, आणली, रंग चुकला असेल कदाचित.

नुपूर


२० जून २०२४
अल रय्यान

बाबा,

शौनकने कळवलं की तुम्ही नाशिकला नीट पोचलात. विमानतळावर तो घ्यायला आला होता हे तुम्हाला अनपेक्षित असणार. म्हणाला, कसारा येईपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, आणि मग विचारलंत, “तू जेवलास का?”

परवा जे झालं त्यातलं निम्मं तुम्ही बघितलं नाहीत. सिमकार्ड घ्यायला गेला होतात. ते निम्मं लिहिते, म्हणजे कोणी काही रचून सांगितलं असं व्हायला नको.

तुम्ही दोघं बाहेर आलात तेव्हा मी आधी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही डोळ्यांनी खूण केलीत, गप्प राहा अशी. म्हणजे सांगितलं नव्हतं. शैलजाबाई पुढे आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. फोटोत दिसतात त्यापेक्षा बुटक्या आहेत. मी म्हणाले, “प्रवास बरा झाला?” त्या म्हणाल्या, “अगदी.” आपण कॉफी घ्यायला बसलो. मग तुम्ही उठलात, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून थोडा दाबलात.

तुम्ही गेलात आणि त्या म्हणाल्या, “मी तुला ‘तू’ म्हटलं तर चालेल?”

“म्हणा ना.”

“खूप दिवसांपासून तुला एकदा भेटून बोलायचं होतं. राजाभाऊंनी विचारलं तेव्हा मी नाहीच म्हणाले होते. या वयात कुणाच्या घरात चोरासारखं शिरायचं नव्हतं मला. म्हटलं, आधी मुलांना विचारा. मग त्यांनी तुझं बोलणं सांगितलं आणि मी रडले.”

मी विचारलं, “काय सांगितलं त्यांनी?”

“तू म्हणालीस ना, ‘बाबा, आई गेल्यावर तुम्ही टेबलावर एकच ताट घेता हे मला इथे बसून दिसतं. कोणीतरी समोर बसू दे. आईला वाईट नाही वाटणार. मला थोडं वाटेल, पण ते मी सांभाळीन.’ अगं, ‘मला थोडं वाटेल’ असं तू म्हणालीस ना, तिथे मला खात्री पटली. नुसतं गोड बोलणारी असती तर मी विश्वास ठेवला नसता.”

बाबा, माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

काय लेक रचलीत तुम्ही! किती समजूतदार, किती मनाची मोठी. माझा आवाज, माझी बोलायची पद्धतसुद्धा अचूक. तुम्ही मला एवढं ओळखता. मग तुम्हाला हेही कळायला हवं होतं की मी तीच झाले असते. आठवड्याने झाले असते, पण झाले असते. तुम्ही खरीला विचारलं नाहीत, कारण रचलेली लगेच हो म्हणते.

त्यांना खोटं सांगणं फार सोपं होतं. ‘हो’ म्हणायचं, साडी द्यायची. समोर एक बाई डोळ्यांत पाणी आणून माझे आभार मानत होती. माझ्या तोंडात आलं होतं ते ‘हो’. मग मला शौनकचा त्या दिवशीचा फोनवरचा आवाज आठवला आणि ते बाहेर पडेना.

मी म्हणाले, “शैलजाकाकू, हे मी बोललेले नाही. मला सहा जूनला कळलं. शेजारच्या काकूंकडून.”

त्या पहिल्यांदा हसल्या, ऐकण्यात चूक झाली असं वाटून. मग विचारलं, “आणि शौनक?”

“त्याला मी सांगितलं. गेल्या आठवड्यात.”

“म्हणजे जानेवारीत...”

“जानेवारीत मी बाबांची खोली लावत होते.”

त्यांनी पर्समधून रुमाल काढला, पण डोळे पुसले नाहीत, नुसता हातात धरून बसल्या. “पोस्टात छत्तीस वर्षं काढली मी,” त्या म्हणाल्या, “एकाचं पत्र दुसऱ्याला कधी दिलं नाही.”

मग तुम्ही आलात. इथून पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. त्यांनी शांतपणे विचारलं, “राजाभाऊ, नुपूरशी तुमचं नक्की कधी बोलणं झालं?”

तेव्हा तरी, बाबा. तेव्हा तरी.

तुम्ही म्हणालात, “जानेवारीत, सांगितलं ना तुला. संक्रांतीच्या आसपास.” आणि माझ्याकडे वळलात. “नुपूर, तूच सांग ना हिला.”

मला रागापेक्षा भीती वाटली. तुम्ही इतके खात्रीत होतात की मी हो म्हणेन. “नाही बाबा,” मी म्हणाले. “तुम्ही मला काहीच सांगितलं नव्हतं.” माझ्या आठवणीत तुम्हाला मी पहिल्यांदाच तोंडावर नाही म्हणाले.

शैलजाकाकू उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मी तुमच्याशी लग्न केलं ते या मुलीच्या शब्दावर. तो शब्द तिचा नव्हता. तुमच्या विमानाला वेळ आहे, तुम्ही जा. मागून यायचं की नाही ते मला ठरवू द्या.” तुम्ही बॅगेचा विषय काढलात, सामान मुंबईपर्यंत चेक-इन झालंय, ही इथे कशी राहणार. तुम्ही नेहमीच व्यवस्थेकडे वळता. मी म्हणाले, माझे कपडे आहेत.

तुम्ही आत जाताना मागे वळून पाहिलंत. मी हात हलवला नाही. हलवायला हवा होता का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या आता आमच्याकडे आहेत. माझे पंजाबी ड्रेस त्यांना लांब होतात, ओट्याशी बाह्या मुडपून उभ्या राहतात. आल्या त्या दिवशी घरी पोचल्यापासून झोपूनच होत्या. काल सकाळी अवधूत बसला निघायच्या आत उठून त्यांनी त्याला पोहे करून दिले. तो लाजून अरबीतच आभार मानत दोनदा ‘शुक्रन’ म्हणाला, मराठी विसरल्यासारखा. संध्याकाळी त्यांनी शौनकचा नंबर मागितला आणि दार लावून त्याच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. बाहेर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, “तुझा भाऊ फार सरळ आहे गं.” शौनकने रात्री मला अनब्लॉक केलं. एक मेसेज आला, “जेवलीस का तायडे.” तुमच्यासारखाच आहे तो, त्याबाबतीत.

त्या तुमच्याकडे परत येणार का? मला माहीत नाही. त्यांना तुमच्याबद्दल वाईट बोललेलं आवडत नाही, एवढं दिसलं. मी काल तुम्हाला काहीतरी म्हणाले तर म्हणाल्या, “तुझे वडील आहेत, तू बोल. पण माझ्यासमोर नको, मला अजून माझं ठरवायचंय.” विमानाची तारीख मी काढलेली नाही. व्हिसा महिन्याचा आहे. काही विचारायचं असेल तर त्यांना विचारा. मधे मी नाही, शौनक नाही, देवधरकाकू नाहीत.

माझं म्हणाल तर मी अजून रागावलेली आहे. शांत झाले असं लिहिता आलं असतं, पण ते खरं नाही. तुम्ही लग्न केलंत याचा राग आता फारसा उरलेला नाही. त्या माझ्या स्वयंपाकघरात उभ्या असतात तेव्हा आईची आठवण येते, आणि त्याच वेळी तुम्ही त्यांच्याकडे का ओढले गेलात तेही कळतं. राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. तुमचं कोणतंही जुनं वाक्य आठवलं की आता मी ते उलटून बघते, हेही तसंच होतं का. तुम्ही मला शिकवलेलं प्रत्येक वाक्य. हे कधी थांबेल मला माहीत नाही.

आमच्या ओवीला आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. ती गोंधळली आहे. आजोबांची खोली, आणि आत वेगळ्याच आजी. तिने त्यांना सरळ विचारलं, “आर यू ऑल्सो माय आजी?” त्या म्हणाल्या, “तुझ्या आजोबांना विचारून सांगते हं.” मग ती माझ्याकडे आली. “आई, इज आजोबा कमिंग ऑर नॉट?” मी म्हणाले, “त्यांनाच विचार.”

उद्या शुक्रवार, तिला सुट्टी आहे. सकाळी ती तुम्हाला फोन करणार आहे. काय विचारायचं ते मी तिला शिकवलेलं नाही, आणि ती बोलत असताना मी खोलीत नसेन. ती दहा वर्षांची आहे. तुम्ही जे सांगाल ते ती खरं धरेल, आणि शाळेत जाऊन तसंच सांगेल.

फोन उचला, बाबा.

नुपूर